तुझ्या उपासांचं खरं कारण

गिरजे, परवा तुझ्या तेरवीला मी चार माणसांत तुझं गुपित फोडलं. शब्द दिला होता, तो मोडला. आपली लेक रागावून बीबीला, तिच्या सासरी, निघून गेली. जाताना पाया पडली, पण तोंड वर केलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो. माझं शिक्षण तुला माहीत आहे. मास्तरच्या छडीपेक्षा बापाचा नांगर बरा म्हणून पळालो, तो शाळेकडे पुन्हा फिरकलो नाही. तेव्हा शुद्ध-अशुद्ध पाहू नको. तसं तू पाहणार तरी काय, तुला एक अक्षर येत नव्हतं. तिकडे कोणी शिकवलं असेल तर वाच.

झालं काय ते आधी सांगतो. पंगती उठल्या होत्या. बाया ओसरीवर बसून तुझे गुण गाऊन राहिल्या होत्या. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार, शुक्रवार, शनिवार मारुतीचा. बुध आणि रवि तेवढे मोकळे, त्यातही एकादशी-चतुर्थी आली की तोही गेला. "असी उपासाची बाई पाह्यली नाई," एक म्हणे. "देवमाणूस व्हतं वो," दुसरी म्हणे. मी खाली मान घालून ऐकत होतो. ऐकायला बरंही वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

मग महादूची सून बोलली. तीच, सहा महिन्यांचं लेकरू अंगावर आहे ती, वाळून काडी झालेली. म्हणाली, "मी धरते आजीचे पाची उपास. आजीचं पुण्य माह्या लेकराले लागल." आणि साऱ्या बाया म्हणाल्या, "धर माय, धर."

माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "कायचं पुण्य बे! ते उपास नव्हते. तिले भाकरी गिळाचं भेव वाटे!"

  मागून कोणी तरी फिदकन हसलं, आणि ते हसणं आपल्या लेकीनं ऐकलं. ती उठून आली आणि म्हणाली, "बाबा, मायची अब्रू घालवली तुमी. मेल्यावर बी तिले सोडलं नाई."

आता मी चुकलो का, हे मला तुझ्याखेरीज कोणाला विचारता येत नाही.

तू उपास धरायला लागलीस तेव्हा मला तुझा राग येत होता. लग्नाला चाळीस वर्षं झाली, तोवर तुझी भक्ती चतुर्थीपुरती. आणि एकाएकी वारावर वार. मी भाकरी खात बसलो की तू म्हणायचीस, "मले आज उपास हाय." मी म्हणायचो, "काऊन वो, देवाच्या घरी जायाची घाई झाली का?" एकदा पाहुण्यांसमोर म्हणालो, "आमच्या घरची ज्वारी गोड लागत नाई तिले, म्हणून देव पकडले." पाहुणे हसले. तूही हसलीस. 

तुझ्या बांगड्या कोपराकडे चढायला लागल्या. पाण्याची घागर उचलताना दम लागायला लागला. गावच्या वैद्याने वात सांगितला. सरकारी दवाखान्यातल्या बाबूने तोंडात पाहिलं आणि म्हणाला, दाढा गेल्या, वय झालं. सासुरवाडीचे म्हणाले वय झालं, शेजारचे म्हणाले वय झालं. माणूस म्हातारं झालं की त्याच्या प्रत्येक दुखण्याला हेच एक नाव. मीही तेच मानलं. सोपं होतं.

त्या वर्षी कापसाची गाडी मलकापूरला सरकी काढायच्या जीनवर न्यायची होती. म्हटलं चल, तिथल्या हकीमजीला दाखवू. तू नाही म्हणालीस, मी ऐकलं नाही. कापसाच्या ढिगावर तुला बसवलं. रस्ताभर तू ताकाचा गडू मांडीशी धरून होतीस.

हकीमजी म्हातारे, दाढी पांढरी, हात मात्र स्थिर. आधी त्यांनी तुझा गळा बाहेरून चाचपला. जिभेखाली पाहिलं. मग विचारपूस. पाणी अडकतं का? नाही. दूध? नाही. आवाज बसतो का, रक्त पडतं का, गिळताना दुखतं का? नाही, नाही, नाही. एक पेला पाणी दिलं, तू गटागट प्यायलीस. ते तुझ्या गळ्याकडे पाहत होते. मग फडताळातून केळं काढलं, सोललं आणि तुझ्यापुढे धरलं.

"घे बहेन."

"आज उपास हाय," तू म्हणालीस.

हकीमजी हसले. "बहेन, माह्या भिंतीले भिंत लावून मारवाड्याचं घर हाय. तीस साल झाले. तुमचे समदे उपास मले पाठ हायेत. केळं चालते."

तू केळ्याकडे पाहत राहिलीस. कपाळावर घाम आला. थंडीचे दिवस होते गिरजे, आणि तुझ्या कपाळावर घाम.  मी म्हणालो, "घे ना वो, नखरे कायले करते?" तर हकीमजींनी माझ्याकडे न पाहता हात वर केला, गप म्हणून. आणि तुला विचारलं, "भेव वाटते का?"

तीन वर्षांत हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. ना वैद्याने, ना दवाखान्याने, ना मी.

तू पदर तोंडाला लावलास आणि लहान पोरीसारखी रडलीस. "यवढी म्हातारी मी," तू म्हणालीस, "नातवंडं हायेत मले. मी भाकरीले भेते हे कोणाले सांगू? लोकं हासतीन ना."

हकीमजी मला म्हणाले, "भाऊ, लेकरू भेलं त रडते. जवान भेला त पळते. म्हातारं माणूस भेलं त कारण सांगते. कोणी गुडघे सांगते, कोणी देव सांगते. म्हाताऱ्याचं कारण ऐकत बसू नका. त्यानं काय काय सोडलं ते पाहा." मग बोटांवर मोजलं. आधी काय सोडलं? भाकरी. मग? भात. मग? शेंगदाणे, खारीक. उपासाला चालणारंही सोडलं. राहिलं काय, तर जे पिता येतं ते. "देवासाठी सोडलं असतं, त देवाले चालते ते कायले सोडलं असतं?"

आपण एकाच घरात राहत होतो. रोज तुझं ताट माझ्या डोळ्यांपुढे. पण पाहिलं एका परक्या माणसाने, अर्ध्या तासात.

मग त्यांनी विचारलं हे सुरू कुठून झालं. आणि तू सांगितलंस. एका दुपारी जेवताना भाकरीचा घास अडकला. ना आत, ना बाहेर. श्वास कोंडला, डोळ्यांपुढे काळं आलं. बोलता येईना म्हणून भाकरी थापायची काठवट उचलून भुईवर आपटली, पुन्हा आपटली. मग कसा कोण जाणे घास बाहेर पडला.

"घरी कोणी नव्हतं?" हकीमजींनी विचारलं.

"नाई," तू म्हणालीस. "हे वावरात गेल्ते."

गिरजे, मी वावरात नव्हतो.

मी ओसरीवर बसलो होतो. तू मला वाढलं होतंस, मी जेवून उठलो होतो, तंबाखू मळत होतो. तू नेहमीसारखी माझ्यानंतर, आत, एकटी जेवायला बसली होतीस. वरणात मीठ नाही म्हणून मी थोड्या वेळापूर्वी तुला बोललो होतो. आतून काठवट आपटल्याचा आवाज आला तेव्हा मला वाटलं, रागात भांडी आपटून राहिली. आपल्याकडच्या बायांचं भांडण असंच तर असतं, तोंडाने बोलायची सोय नाही मग भांडी बोलतात. मी बसल्या जागेवरून ओरडलो, "आपट! आणखीन आपट! फोडून टाक!"

तू ते ऐकलं होतंस. ऐकल्याशिवाय कशी राहशील, मध्ये एक भिंत. तू मला हाक मारत होतीस आणि मी तुला असा जबाब दिला. तरी त्या परक्या माणसासमोर तू माझी लाज झाकलीस. "हे वावरात गेल्ते." किती सहज म्हणालीस. मीही खाली पाहत राहिलो. हो-नाही काही बोललो नाही.

परत येताना गाडी रिकामी होती. मी बोलायचं ठरवलं होतं. नाल्याच्या अलीकडे म्हणालो, "गिरजे, त्या दिवशी—" आणि तू लगेच म्हणालीस, "हे भेवाचं गावात कोणाले सांगू नका. बैलाच्या पाठीवर हात ठेवा न् शपथ घ्या." मी हात ठेवला, शपथ घेतली. माझं वाक्य तिथंच राहिलं. तू मुद्दाम अडवलंस का, हे मला कधी कळलं नाही. विचारायला दीड वर्ष होतं माझ्याजवळ. विचारलं नाही.

हकीमजींनी औषध म्हणून एक सरबत दिलं होतं, पण खरं औषध वेगळंच होतं. मला बाजूला घेऊन म्हणाले, तिचं भेव भाकरीचं नाही, एकटीनं मरायचं आहे. यापुढे ती एकटी जेवणार नाही. तुम्ही समोर बसायचं. तुमच्याच वेळी, तुमच्यासोबत. आधी दुधात कालवलेली भाकरी, ओली, मऊ. ती बिनघोर जायला लागली की भाकरीचा वरचा पापुद्रा. मग मधला भाग. सगळ्यात शेवटी काठ. घाई नाही, रागावणं नाही.

नवऱ्याच्या समोर बायकोने जेवायचं! तुला भाकरीपेक्षा याचीच जास्त लाज वाटली. म्हणून आपण दुपारी दार लोटून जेवायला बसू लागलो. तर शेजारची सरूबाई, रांडमुंड बाई पण जीभ चाकूसारखी, बाहेरून ओरडली, "गिरजाबाई, म्हातारपणी भरदुपारी दार लावून काय चाललं बाप्पा?" तू इतकी हसलीस की दुधातला घास नाकात गेला, आणि मी घाबरून तुझी पाठ थोपटायला उठलो. तू खोकून, पाणी पिऊन, पुन्हा हसलीस. नाकात गेला आणि तू मेली नाहीस. मला वाटतं तुझं भेव त्या दिवशी अर्धं गेलं. सरूबाईच्या वात्रटपणाने.

पण मी काही शहाणा झालो नव्हतो. आठ दिवस पापुद्रा बरा चालला तर नवव्या दिवशी मी मधली भाकरी तुझ्या ताटात टाकली. तू घास तोंडात धरून बसलीस. चावून चावून त्याचं पीठ झालं, तरी गिळेना. मी म्हणालो, "गिळ ना आता! काय लेकरू हायेस का?" तू घास हातावर काढलास आणि उठून गेलीस. तीन आठवडे मागे गेलो आपण. पुन्हा ताक, पुन्हा सोमवार, पुन्हा शनिवार. माझ्या जिभेला हाड नाही हे तू लग्नाच्या वर्षी सांगितलं होतंस. मला ते कळायला म्हातारपण यावं लागलं.

मग मी बोलायचं सोडलं. नुसता बसायचो. तुझ्या घासाकडे पाहायचं नाही, भिंतीकडे पाहायचं, हे मी माझं मीच शिकलो. तू खात असलीस की मी भिंतीवरची मुंगी पाहायचो. कधी तू म्हणायचीस, "गेला." एवढंच. एक घास गेला. वावरात दाणा रुजला तरी मला एवढं बरं वाटलं नसतं.

यंदा संक्रांतीला तू अर्धी भाकरी खाल्लीस. तिळाची, कडक. काठ तेवढे माझ्या ताटात टाकलेस. "हे पुढच्या साली," म्हणालीस.

पुढचं साल आलं नाही. ताप आला आणि चार दिवसांत तू गेलीस. घशाचं काही नव्हतं. शेवटच्या दिवशी सकाळी तू वरणात कालवून भाकरी मागितलीस आणि खाल्लीस. मी समोर बसलो होतो. तुझं भेव तुझ्याआधी गेलं होतं, हे मी लोकांना ओरडून सांगायला पाहिजे होतं. मी तेवढंच सांगितलं की भेव होतं. ते कसं गेलं, ते सांगायच्या आत सगळे उठले.

आणि एक सांगतो. चाळीसहून जास्त वर्षं मी एकटा जेवलो. तू वाढायचीस, उभी राहायचीस, मी जेवायचो. मला कधी एकटं वाटलं नाही, कारण मला त्यातलं दुसरं काही माहीतच नव्हतं. तुझ्यासोबत जेवलो ते शेवटचं दीड वर्ष. आता ताट पुढे घेतलं की हात थांबतो. जेवण जातं, पण तू "गेला" म्हणत नाहीस. मी खाली ठेवलेल्या पाण्याकडे पाहतो, भिंतीकडे पाहतो. मुंग्याही आताशा दिसत नाहीत. तुला आधी कधी समोर बसवून जेवू घातलं असतं तर? निदान एखाद्या सणाला? कोण मला अडवणार होतं? गावातल्या कोणत्या माणसाला मी भीत होतो? त्या भेवालाही काही नाव असेल. हकीमजींना विचारायला पाहिजे होतं.

काल सकाळी सरूबाई आली. लेक निघून गेली म्हणून भाजी घेऊन आली असं म्हणाली. भाजी ठेवली, पण जाईना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी.

"भाऊजी," म्हणाली, "तेरवीले तुमी जे बोल्ले ना..."

"बोल्लो. शिव्या देऊन घे तू बी."

"शिव्या नाई. माह्या कंबरीले काई नाई झालं."

मी तिच्याकडे पाहिलं. सरूबाईची कंबर साऱ्या गावाला माहीत आहे. कंबर दुखते म्हणून ती गाडीत बसत नाही. मलकापूरच्या बाजाराला जात नाही. तिची लेक वरवट बकालला दिलेली, दोन बाळंतपणं झाली, ही गेली नाही. पण तीच सरूबाई निंदायला दिवसभर ओणवी असते, डोक्यावर सरपणाचा भारा आणते. हे मी रोज पाहत होतो गिरजे. रोज. आणि मला कंबरच दिसत होती.

"भेव वाटते का?" मी विचारलं.

"तुमी हासान."

"मी कोण हासणारा?" असं म्हणालो, आणि मग मला थांबता आलं नाही. जे तुला बोललो नाही, हकीमजींना नाही, लेकीला नाही, ते तिला सांगितलं. मी ओसरीवर होतो. काठवटीचा आवाज ऐकला होता. फोडून टाक म्हणालो होतो.

तिने बोटाला गुंडाळलेलं पदराचं टोक सोडलं. मग म्हणाली, "गिरजाबाईले माहीत व्हतं, का तुमी घरीच व्हते?"

"हाव."

"अन् तिनं कधी काई म्हटलं नाई?"

"नाई."

"मंग मी तरी कायले लाजू," ती म्हणाली, आणि खाली बसली, आणि सांगितलं. तिचा नवरा वारला त्याच्या वर्षभर आधी गाडी नाल्यात कलंडली होती, ती खाली सापडली होती. मार काही लागला नाही. पण तेव्हापासून गाडीचं जू दिसलं तरी ती वाट बदलते. नातू चालायला लागला, तिने पाहिला नाही.

मी तिला आपल्या गाडीकडे नेलं. बैल सोडलेले, जू दगडावर टेकवलेलं. गाडी कुठेही जाणार नव्हती. "बैस," म्हटलं, "नुसती बैस." ती चढली. दोन्ही हातांनी गाडीच्या कडा धरून बसली, डोळे मिटून. मी पुढे बसलो, तिच्याकडे पाठ करून. रस्त्याने जाणारे येणारे पाहून राहिले होते. महादू म्हणाला, "म्हातारबा, बैलाबिगर कुठं निघाले?"  मी कोणालाच काही बोललो नाही. माझं मलाच नवल वाटलं.

थोड्या वेळाने मागून तिचा श्वास सुटल्याचा आवाज आला. उतरली आणि म्हणाली, "उद्या बैल जुंपता का?"

"नाई," मी म्हटलं. "मी गावाले जाऊन राह्यलो. येवोस्तवर रोज अशीच बसत जा."

कुठं जातो ते तिने विचारलं नाही. तुला सांगतो. मलकापूरहून बुलढाण्यापर्यंत मोटार मिळते, तिथून पुढे बीबीपर्यंत मिळेल ते. नाही मिळालं तर पाय आहेत. लेकीला वाटतं मी तुझी अब्रू घालवली. तिला अर्धंच माहीत आहे. तुझं ते मी सांगून टाकलं, आणि माझं तू झाकून ठेवलं होतंस ते झाकलेलंच राहिलं. हा न्याय नाही गिरजे. तुला माझी लाज राखायची होती, मला कळतं. पण ती आता मला पेलत नाही.

तिच्या दारात पोहोचलो की उभ्यानेच सांगीन, पायावर पाणी घ्यायच्या आधी. मग तिने बापाला घरात घ्यायचं की नाही, ते तिचं तिने ठरवायचं.